कच्च्या वहीतले पितळी पातेले

लिहिण्याचा अधिकार मला कोणी दिलेला नाही, आणि तो मागण्याचे धैर्यही मला कधी झाले नाही. तीस वर्षे मुलींचे निबंध तपासण्यात गेली. दुसऱ्यांच्या वाक्यांखाली लाल रेघ ओढणाऱ्या हाताने उतारवयात स्वतःची वाक्ये लोकांपुढे ठेवावीत, यात थोडा उद्धटपणा आहे याची मला जाणीव आहे. तरीही एक प्रश्न इतकी वर्षे माझ्याजवळ पडून आहे आणि तो माझा मला सुटत नाही. तो विचारण्यापुरते वाचकांनी मला सहन करावे.

मी सात वर्षांची असताना आई गेली आणि वडिलांनी मला गावाहून मुंबईला आत्याकडे पाठवले. आत्या लालबागेत खानावळ चालवीत असे. चाळीच्या दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या. पुढच्या खोलीत पंगत, मागच्या खोलीत चूल. जेवायला येणारे सगळे गिरणीत काम करणारे, कोकणातले, बायकामुले गावी ठेवून आलेले. त्यांना ती ‘मेंबर’ म्हणे, आणि मी तिला आत्या म्हणते म्हणून सगळे मेंबरही तिला आत्याच म्हणत. पहिल्या पाळीचे लोक हात धूत असत तोवर दुसऱ्या पाळीचे जिन्यात येऊन उभे राहात. त्या गडबडीत भिंतीला पाठ लावून मी धडे पाठ केले, मॅट्रिक झाले, आणि पुढे केवळ आत्याच्या हट्टामुळे पदवीपर्यंत पोचले. तिला स्वतःला अक्षरओळख नव्हती. माझी बोली मात्र शाळेने सरळ करून टाकली होती. ती मालवणीत विचारी आणि मी पुस्तकी मराठीत उत्तर देई, आणि यात दोघींनाही काही विचित्र वाटत नसे.

लग्नानंतर मी गिरगावात आले आणि तिथल्याच एका मुलींच्या शाळेत मराठी शिकवू लागले. आमच्या शाळेत प्रत्येक मुलीला दोन वह्या ठेवाव्या लागत, एक कच्ची आणि एक पक्की. खाडाखोड काय करायची ती कच्चीत. तपासनीस आले की पक्क्या वह्यांचा गठ्ठा त्यांच्या टेबलावर जाई आणि कच्च्या वह्या कपाटात कुलूपबंद होत. याला माझी स्वतःची एक पुरवणी होती. ज्याची खात्री नाही ते कच्च्या वहीतसुद्धा पेन्सिलीने लिहावे, असे मी मुलींना सांगत असे. नंतर खोडता येते हे एक. पण मुख्य म्हणजे लिहिताना आपल्याला खात्री नव्हती, हे आपल्याच लक्षात राहते. हा नियम मी किती मुलींना किती वेळा ऐकवला असेल, सांगता येणार नाही. या हकिकतीत तो मोडणारी मीच आहे.

मी लिहायला लागले ती संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीच्या दिवसांत, चाळिशी उलटल्यावर. फोर्टात गोळीबार झाला, संचारबंदी लागली आणि शाळा काही दिवस बंद राहिल्या. लालबागेत जाणे शक्य नव्हते. तिकडून येणाऱ्या बातम्या ऐकवत नव्हत्या आणि आत्याची खबर तर मुळीच मिळत नव्हती. गॅलरीत उभे राहिले तर खालचा शिपाई आत जा म्हणून काठी दाखवी. त्या सक्तीच्या रिकामपणात मी एक कोरी वही उघडली. आत्या कशी आहे हे कळायला मार्ग नव्हता, म्हणून ती कशी होती ते लिहीत बसले.

रस्ते मोकळे झाल्यावर धावत गेले तर ती नेहमीसारखी चुलीपुढे.

“माका काय व्हतला?” ती म्हणाली. “संचारबंदी लागली म्हणान पोट काय बंद रवता? जिन्यातल्या जिन्यात बावीस माणसां जेवली. तू कित्याक रडतस? कांदो चिरूक घे, मगे रडलंस तरी चलात.”

मी कांदा चिरायला घेतला आणि वहीबद्दल काही बोलले नाही. पुढची दोन वर्षेही बोलले नाही.

दर रविवारी ट्रामने लालबागेला जायचे, आत्या सांगेल ते ऐकायचे आणि घरी येऊन विसरण्याच्या आत लिहून काढायचे, असा माझा क्रम बसला. आत्याचे एक होते. हातात काम असेल तरच ती बोले. तांदूळ निवडताना, मासळी साफ करताना, खोबरे किसताना तिच्या तोंडून गाव, बोट, समुद्र, माणसे ओघाने येत. हात रिकामे झाले की तोंडही बंद. त्यामुळे मी विळीपुढे बसून तिच्याशी हातभर अंतरावर काहीतरी करीत राही आणि कान तेवढे उघडे ठेवी.

तिच्या हकिकतीत एक जागा मात्र कायम रिकामी राही. नवरा वारल्यावर सासरी राहणे अशक्य झाले, तेव्हा बाविसाव्या वर्षी ती एकटी बोटीत बसली. लालबागेत राहणाऱ्या एका दूरच्या दिराचा पत्ता लिहिलेला कागद तिच्याजवळ होता. धक्क्यावर उतरल्यावर तिने तो चौघांना दाखवला. चौघांपैकी दोघांना वाचता येत नव्हते आणि तिसऱ्याने उलटी दिशा दाखवली. हे सांगताना ती हसत असे. विचारत विचारत संध्याकाळी ती चाळीत पोचली, तर दीर महिन्यापूर्वीच खोली सोडून गेलेला. इथे आत्या थांबे.

“मग?” मी विचारी.

“मगे काय? रवलंय.”

राहिले, एवढेच. हकिकत पुन्हा सुरू होई ती एकदम तीन-चार महिन्यांनंतर, दुसऱ्या एका बाईच्या खानावळीत ती भाकऱ्या थापीत होती तिथपासून. मधल्या दिवसांत ती कुठे राहिली, त्या पहिल्या संध्याकाळी तिला कोणी विचारले, कोणी हाकलले, हे मी अनेक रविवारी, अनेक वाटांनी विचारून पाहिले. तांदूळ निवडणारी तिची बोटे त्या वेळी थोडी जलद चालत, आणि उत्तर तेच येई.

शेवटी ती जागा मी भरली. त्या संध्याकाळी ती बंद दारापुढे बसून आहे. शेजारच्या खोलीतली एक बाई बाहेर येते आणि काहीही न विचारता गरम भाताचे पितळी पातेले तिच्यापुढे ठेवते. “भाताची वाफ तोंडावर आली, आणि या शहराने आपल्याला आत घेतले असे तिला वाटले,” असे मी लिहिले. ते पान मला फार आवडले. इतके आवडले, की पेन्सिल शोधण्याचे भान राहिले नाही. बाकीच्या पानांसारखे तेही शाईतच लिहिले गेले.

वहीची पाने नव्वदच्या आसपास झाली तेव्हा घरात ती लपवणे कठीण झाले होते. माझे पती विमा कचेरीत कारकून होते आणि थट्टा हा त्यांचा जन्मस्वभाव होता.

“एवढं काय चाललंय?” त्यांनी एकदा विचारले. “आमच्याविषयी असेल तर आधी सांग, कोट शिवून घेतो.”

“आत्याविषयी आहे.”

“आत्याबाईंना ठाऊक आहे?”

“नाही.”

“म्हणजे नवरीलाच आमंत्रण नाही.” मग थोडे गंभीर होऊन ते म्हणाले, “वाचून दाखव त्यांना. त्या काही तुला नापास करायच्या नाहीत. आणि आज ना उद्या करू म्हणत बसलीस, तर उद्या त्या असतील का?”

हा बोचणारा भाग होता. त्या पावसाळ्यात आत्याला चुलीपुढे एकदोनदा चक्कर आली होती.

शाळेत आमच्या संस्कृतच्या बाई वयाने मोठ्या आणि वाचनाने त्याहून मोठ्या होत्या. धीर करून त्यांना विचारले तर त्यांचा सल्ला अगदी उलट पडला.

“अपुरे दाखवू नका,” त्या म्हणाल्या. “मग पुढचे पान तुम्ही ऐकणाऱ्याच्या तोंडाकडे बघत लिहाल. आणि ज्यांच्यावर लिहिले आहे त्यांना तर नाहीच नाही. अहो, फोटोवाल्याने एकदा हसा म्हटले की माणूस पुढे प्रत्येक फोटोत तसेच हसते. तुमच्या आत्याबाई आता न पाहता बोलत आहेत. एकदा त्यांनी स्वतःला पाहिले, की संपले.”

दोघांचेही मला पटले, आणि त्यामुळे माझी अडचण दुप्पट झाली. वाचून दाखवावे तर आत्या सावध होऊन गप्प बसेल, आणि ती रिकामी जागा कायमची रिकामी राहील; त्या दिवसांबद्दल सांगू शकेल असे तिच्याशिवाय जगात दुसरे कोणी नव्हते. न दाखवावे तर आपण विळीपुढे बसून एका अडाणी बाईचे आयुष्य तिच्या नकळत उचलून नेत आहोत, ही टोचणी. शिवाय मी शाळेची माणूस. कच्ची वही कोणाला दाखवायची नसते, हे मीच शिकवीत आले होते. मी वही पिशवीत घालून लालबागेला नेई आणि तशीच परत आणी. असे पाच-सहा रविवार गेले.

मग एक रविवार असा आला, की शिवाजी पार्कवर मोठी सभा होती आणि सगळे मेंबर मोर्च्याने निघून गेले होते. आत्याने त्यांच्यासाठी पहाटेच स्वयंपाक उरकून ठेवला होता. भात, कालवण, भाकऱ्यांची चळत, सगळे झाकून तयार. करायला काही नव्हते. हात मांडीवर ठेवून आत्या गप्प बसली होती. तिला तशी बसलेली मी लहानपणापासून क्वचितच पाहिली असेल. काहीतरी बोलावे म्हणून मी विचारले,

“आत्या, कालवण चुलीवर असतानाच कोणी चाखायला मागितले, तर तू देतेस का?”

“कोणाचां कालवण?”

“कोणाचेही.”

“तसां नसता. नैवेद्याचां असलां तर चाखूचां नाय. मी पण नाय, कोणीच नाय. मीठ कमी पडलां म्हणान देव ताट लोटणा नाय. मेंबरांचां असलां तर चाखूकच व्हया. मेंबर लोटतत.” मग माझ्या पिशवीकडे बघत तिने विचारले, “तुझां काय शिजता? महिनो झालो, ती पिशवी पोटाशी धरून येतंस.”

मी सांगितले. सांगताना माझा आवाज परीक्षेला बसलेल्या मुलीसारखा झाला होता.

“माझ्यात काय आसा लिवण्यासारखां?” आत्या म्हणाली. आणि थोड्या वेळाने, “तां देवाचां, काय मेंबरांचां?”

या प्रश्नाइतका नेमका प्रश्न माझ्या लेखनाला पुढे कोणीही विचारला नाही. मी विचार करून “मेंबरांचे” म्हटले.

“मगे वाढ. पळीभर वाढ. ताट भरू नको.”

मी वाचू लागले. मुलींना शुद्धलेखन घालताना जो सपाट, सारखा आवाज मी लावीत असे, तोच लागला. घाबरले की मला दुसरा आवाज सापडत नाही. आत्या भिंतीला टेकून डोळे मिटून ऐकत होती. मधूनमधून तिने मीठ बघितले. “ट्रंक नाय, बोचकां. ट्रंक असती तर ती धक्क्यावरच इकली असती.” “बोटीत रडलंय नाय मी. ओकलंय.” मी घाईघाईने खाडाखोड करीत पुढे जात होते.

आणि मग ते पान आले. इथे थांबायला हवे होते. ‘आत्या, हे तू सांगितलेले नाहीस, हे मी मनाने लिहिले आहे,’ एवढे एक वाक्य बोलायला हवे होते. त्या पानावरची शाई इतर पानांवरच्या शाईसारखीच होती, आणि माझा आवाजही इतर पानांवरच्या आवाजासारखाच राहिला. मनात मी म्हणत होते, ती टोकेल. ‘असां नाय झालां’ म्हणेल आणि मग कसे झाले ते सांगेल. खरे सांगायचे तर मी त्या पातेल्याचा गळ टाकला होता.

आत्याने डोळे उघडले. समोरच्या झाकलेल्या भाताकडे पाहिले. पुन्हा मिटले.

“वाच फुडे,” ती म्हणाली.

पुढचे वाचेपर्यंत जिन्यात घोषणा आणि पायांचे आवाज आले. मेंबर परतले होते, घसे बसलेले, भुका लागलेल्या. आत्या उठली आणि कालवण गरम करायला लागली.

आत्या गप्प बसेल ही माझी भीती खोटी ठरली. उलट पुढच्या काही महिन्यांत ती अधिकच बोलू लागली. “ह्यां पण लिव” असे स्वतः म्हणे. मी मनातल्या मनात संस्कृतच्या बाईंवर मात केल्याचा आनंद मानीत होते.

अखेर महाराष्ट्र राज्य झाले. त्या दिवशी आत्याने सगळ्या मेंबरांना शिरा वाढला. मी आणि माझे पती दोघेही पंगतीला होतो. सगळे मोठ्याने बोलत होते. नव्याने आलेला एक मेंबर म्हणाला, “आत्या, मुंबय आता आपली झाली.”

“तुमची आज झाली,” आत्या शिऱ्याचा चमचा हातात धरून म्हणाली. “माझी मी इलंय त्याच दिवशी झाली.” आणि उभ्या उभ्या ती सांगू लागली. बंद दार. शेजारची बाई. काही न विचारता पुढे ठेवलेले पितळी पातेले. “भाताची वाफ तोंडावर इली, आनि माका वाटलां, ह्या शहरान माका आत घेतल्यान.”

माझा घास हातातच राहिला. आत्या जन्मात कधी ‘शहर’ म्हणाली नव्हती. ती मुंबय म्हणे.

पंगतीच्या टोकाला सगळ्यांत जुना मेंबर बसला होता. आत्या खानावळ चालवू लागली तेव्हापासून तो तिच्याकडे जेवत होता. तो म्हणाला, “बाय, इतकी वर्षां तुझ्या हातचां जेवतंय. ह्यां पातेलां आज पयल्यांदाच ऐकतंय.”

“तू जेवतंस. ऐकतंस खय?” आत्या म्हणाली, आणि सगळे हसले.

भांडी घासायला मी तिच्याजवळ बसले. हात कामात होते, म्हणजे ती बोलणार होती. मी विचारले, “आत्या, ते पातेले खरेच कोणी दिले होते का?”

“तूच मगे लिवलंस ना?”

“मी मनाने लिहिले होते. तू सांगत नव्हतीस म्हणून.”

ती तवा घासत होती. तो घासून झाला, पाण्याखाली धरून झाला.

“म्हायत आसा माका,” ती म्हणाली. “तू वाचलंस तेव्हाच कळलां.”

“मग त्या वेळी सांगितले का नाहीस? खरे काय झाले होते?”

“आदी याद होतां. रोज याद होतां. तू तां वाचलंस, आनि आता डोळे मिटले की तुझां पातेलांच दिसता. आदीचां शोधूक गेलंय तरी धड गावणा नाय.” तिने तवा उपडा घातला. “आदी दिसत होतां तां काय बरां नव्हतां, बाय. रवां दे.”

मी पुन्हा विचारले नाही. विचारायला हवे होते की नाही, तेही मला ठाऊक नाही. आत्या त्यानंतर नऊ वर्षे जगली आणि ते पातेले तिने पुष्कळांना सांगितले. शेवटच्या आजारात रुग्णालयातल्या नर्सबाईंनाही सांगितले. नर्सबाईंचे डोळे भरून आले. दर वेळी आत्याचा चेहरा उजळे. तो उजेड खोटा होता असे म्हणण्याची माझी हिंमत नाही.

वही अजून अपुरी आहे. तिच्या मृत्यूनंतर एकदा मी त्या पानाच्या कडेला पेन्सिलीने एक उभी रेघ ओढली. तेवढेच मला जमले. पान काढावे तर आत्याने स्वतः स्वीकारलेली आठवण मी काढून घेते. ठेवावे तर ज्या संध्याकाळी बाविसाव्या वर्षाची एक बाई बंद दारापुढे खरोखर बसली होती, ती संध्याकाळ माझ्या शाईखाली पुरली जाते. ती जाणणारे एकच माणूस होते, आणि त्याच्यापुढे मी पळीभर वाढायला गेले होते.

संस्कृतच्या बाईंचे खरे ठरले असे माझे पती मानीत नसत. “त्यांना एक गरम जेवण मिळालं,” ते म्हणत. “चाळीस वर्षं उशिरा, पण मिळालं.” हे ते थट्टेने म्हणत नसत.

त्या रविवारी मेंबर सभेला गेले होते, आत्याचे हात रिकामे होते आणि वही माझ्या पिशवीत होती. तुम्ही माझ्या जागी असता, तर ती उघडली असती का?